तिसरा सेकंद

येळवशीच्या दिवशी शेतात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय परत पाठवता येत नाही. मग तो ओळखीचा असो वा नसो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला मुडबी गाव रिकामं होतं आणि रानं भरतात. ज्याच्या त्याच्या शेतात कडब्याच्या खोपटीसारखी कोप, कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड आणि त्यांच्यापुढे अंबिलीचा डेरा. बसवराजने नेमका हाच दिवस धरला होता. तुरीच्या ओळींमधून येणारं ते आखूड, रुंद शरीर व्यंकटने दोनशे पावलांवरून ओळखलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. मिठाईचा खोका बसवराजच्या डाव्या हातात होता, आणि उजवा हात चालताना हलत नव्हता.

"कोण यायलंय हो?" विजयश्रीने शेंगा-भाज्यांच्या भज्जीच्या पातेल्यावर झाकण ठेवत विचारलं.

"बसू."

तिने झाकण पुन्हा उचललं आणि पुन्हा ठेवलं. "आज येळवस हाय म्हणून. न्हाईतर बांधावरूनच वाटंला लावले असते."

"जेवू घाल. बाकीचं मी बघतो."

"दहा महिने काय बघायलात?"

कोपीच्या तोंडाशी त्याचे वडील श्रीपतराव मांडी घालून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी उदगीर, भालकी, हुमनाबादच्या बाजारात बैलांचे सौदे केले होते. आता गुडघे गेले होते, पण नजर शाबूत होती. त्यांनीही येणाऱ्याकडे पाहिलं, आधी पायांकडे, मग खांद्याकडे.

"उजवीकडून मोडलाय," ते म्हणाले, आणि हात पुसायला फडकं मागितलं.

व्यंकटचं वय छत्तीस. धंदा रग्बीचा. गावात हे सांगितलं की लोक विचारत, म्हणजे कबड्डीसारखं काय? तो व्हय म्हणत असे. एकोणीस वर्षांचा असताना जत्रेत एकशे दहा किलोचा गोल दगड खांद्यावर घेऊन तो देवळाला फेरी मारून आला. ते रग्बी शिकवणाऱ्या अनिलकुमार सरांनी पाहिलं आणि त्याला पुण्याला नेलं. त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत सात क्लब झाले. पुण्यात दोन, कोलकात्यात एक, मग कोलंबो, दोहा, परत कोलंबोत दुसरा, शेवटी चेन्नईकडचा. कुठल्याही क्लबने त्याचा फोटो भिंतीवर लावला नाही. त्यांचा नेहमीचा माणूस जायबंदी झाला की व्यंकटला फोन यायचा, आणि तो बरा झाला की व्यंकटची बॅग भरली जायची.

स्क्रममध्ये दोन्ही संघांची आठ-आठ माणसं वाकून एकमेकांना भिडतात. पुढच्या ओळीत तिघं असतात, मध्ये हूकर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रॉप. व्यंकट उजवीकडचा प्रॉप. त्याचं डोकं समोरच्या दोन माणसांच्या मध्ये अडकतं, डावा हात आपल्या हूकरच्या कमरेभोवती असतो, आणि उजव्या हाताने समोरच्याची जर्सी घट्ट धरायची असते. ती पकड सुटली की सगळा ढीग जमिनीवर कोसळतो. मागून येणारं वजन जातं ते याच माणसाच्या मानेतून.

त्याचा हूकर होता बसवकल्याणचा बसवराज. नऊ वर्षं. कोलकात्यात दोघं भेटले तेव्हा बसवराज त्याला हिंदीत बोलायला लागला, आणि दुसऱ्याच वाक्याला दोघांनाही कळलं की आपल्या दोघांची गावं एका तालुक्यातली आहेत. त्यानंतर क्लब दोघांना जोडीनेच घेऊ लागले. कोलंबोत त्यांना एक खोली, दोह्यात एक खोली. बसवराज त्याला अण्णा म्हणायचा, कपडे धुवायचा नाही आणि भाकरी मात्र उत्तम थापायचा.

जोडीत दोघांचीही एकेक खोड होती. बसवराजचा उजवा खांदा दोनदा निखळला होता. स्क्रममध्ये तो हात व्यंकटच्या पाठीवरून जायचा. व्यंकट भिडण्याआधी आपला डावा खांदा त्याच्या काखेत असा दाबून धरायचा की सांधा जागेवरून हलूच शकत नसे. हे कुणालाच दिसायचं नाही. व्यंकटची खोड नंतरची. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती बाहेर आली होती आणि उजव्या हाताकडे जाणारी नस तिच्याखाली दाबली जात होती. कलबुर्गीला जाऊन एमआरआय केला तेव्हा सोबत बसवराजच होता. अहवालात चकतीचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलं होतं. पण एक गोष्ट त्यात नव्हती, कारण ती डॉक्टरला माहीत नव्हती. जोर लागल्यापासून पहिला सेकंद ठीक जायचा, दुसरा ठीक जायचा, आणि तिसऱ्या सेकंदाला व्यंकटचा उजवा अंगठा नाहीसा व्हायचा. दुखायचं नाही. फक्त तो आपला आहे हे कळेनासं व्हायचं. ही गोष्ट त्याने एकदाच, परतीच्या बसमध्ये, बसवराजला सांगितली होती. तेव्हापासून तिसऱ्या सेकंदाला बसवराज आपली कंबर किंचित उजवीकडे सरकवायचा आणि भार स्वतःवर घ्यायचा.

विजयश्रीलासुद्धा अंगठ्याचं ठाऊक नव्हतं.

मागच्या फेब्रुवारीत चेन्नईकडच्या क्लबने दोघांना तीन आठवडे पारखायला बोलावलं. दोन वर्षांचा करार होता, पहिलं वर्ष खेळायचं आणि दुसऱ्या वर्षापासून पुढच्या ओळीला शिकवायचं. व्यंकटला त्या दुसऱ्या वर्षाची ओढ होती. दुसऱ्याची जागा भरायला म्हणून इतकी वर्षं काढल्यावर एक जागा आपली असावी, आपल्याला जे येतं ते कुणीतरी विचारावं, एवढंच. शिकवण्याची जागा मात्र एकच होती. हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही त्यावर बोलले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरने त्याला खोलीत बोलावलं. "तुझा उजवा अंगठा तिसऱ्या सेकंदाला बधिर होतो का?" त्याने सरळ विचारलं.

मानेचं विचारलं असतं तर व्यंकटला वाटलं असतं की अहवाल कुठून तरी फुटला. पण तिसरा सेकंद कुठेच लिहिलेला नव्हता. तो फक्त एका माणसाच्या कानात होता. व्यंकट खोलीवर आला तेव्हा बसवराजचा पलंग रिकामा होता. करार आता एकट्या बसवराजला मिळणार होता, म्हणून व्यंकटने बॅग भरली. मुडबीला येईपर्यंत फोन वाजला नाही, आणि त्यानंतर दहा महिने वाजला नाही.

"शरणु, अप्पा," बसवराज कोपीपाशी येऊन श्रीपतरावांच्या पाया पडला. वाकतानाही उजवा हात त्याने पोटाशी धरला होता. "वैनी, बरं हाय का?"

"तुमच्या कृपेनं," विजयश्री म्हणाली. "दोन वेळा जेवायलोय."

"टोमणा मारायलात व्हय."

"न्हाई हो. तुमी मोठ्या क्लबाची माणसं. आमी कशाला टोमणे मारावं?"

बसवराज हसला, पण एकटाच. तिने पत्रावळ मांडली. भज्जी, ज्वारीची भाकरी, बाजरीचे उकडलेले उंडे, वर शेंगदाण्याची पोळी. तो डाव्या हाताने जेवू लागला तेव्हा श्रीपतरावांनी मान दुसरीकडे वळवली. जेवणाऱ्याला बोलायचं नाही, हे ते पाळत.

"अण्णा, काय करायलास सध्या?"

"तूर. दिसायली न्हाई का?"

"तसं न्हाई." बसवराजने घास खाली ठेवला. "तू माझ्यावर राग धरून बसलास. मी सांगितलं, व्हय, मीच सांगितलं. पर तुझ्या मानेसाठी सांगितलं. एखाद्या दिवशी लुळा पडला असतास मैदानात, तर वैनीला मी काय तोंड दाखवलो असतो?"

हे वाक्य त्याने वाटेत घोटून आणलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं आणि म्हणूनच ते व्यंकटला झोंबलं. गेले दहा महिने तो स्वतःलाही हेच सांगून पाहत होता.

"तेवढी काळजी व्हती," तो म्हणाला, "तर मला कामून न्हाई सांगितलास? एका खोलीत झोपत होतो आपण. 'अण्णा, आता बस कर,' एवढं म्हणला असतास."

"ऐकला असतास?"

"न्हाई ऐकलो असतो. मग मॅनेजरला सांगायचं व्हतं, पर मला सांगून."

बाजूच्या शेतातून कुणीतरी अंबील शिंपडत पिकाभोवती फेरी मारत होतं, त्यांच्या हाळ्या ऐकू येत होत्या.

"आज काय काम काढलास?" व्यंकटने विचारलं.

काम होतं. नव्या प्रॉपला काखेत खांदा दाबायचं कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवायचं तर कशासाठी हे सांगावं लागलं असतं. नोव्हेंबरात खांदा निसटला, डिसेंबरात परत निसटला. दोन्ही वेळा बसवराजने स्वतःच भिंतीला टेकून तो बसवला. पण मॅनेजरला संशय आला होता. शिकवण्याचं वर्ष सुरू व्हायच्या आधी त्याला खात्री करून घ्यायची होती, आणि खात्री कुणाकडून करून घ्यायची हे त्याला बसवराजनेच दाखवून दिलं होतं. जोडीतल्या दुसऱ्या माणसाकडून.

"मॅनेजर आज फोन करणार हाय तुला. फिजिओ बोलला मला. अण्णा, एकच सांग, नऊ वर्षांत खांद्याची तक्रार न्हाई बघितली. एवढंच."

"म्हंजे खोटं सांगू."

"तू सोता खोटं सांगूनच खेळलास की दोन वर्षं!"

हेही खरं होतं. श्रीपतरावांनी खाकरून घसा साफ केला.

"बाजारात एक रीत असती, बसू," ते म्हणाले. "आपल्या बैलाची खोड आपण आधी सांगायची. दुसऱ्याच्या बैलाची सांगायची न्हाई, कुणी कितीबी इचारलं तरी. ह्यानं पयली मोडली." त्यांनी व्यंकटकडे बोट केलं. "तू दुसरी मोडलास. दोघंबी मला सारखेच दिसायलात. फरक एवढाच, ह्यानं सोताचंच नुसकान केलं."

फोन खरंच आला. भर दुपारी, विजयश्री अंबील गाळत असताना. व्यंकटने नाव पाहिलं, फोन स्पीकरवर टाकला आणि गुडघ्यावर ठेवला. मॅनेजरने खुशाली विचारली, मान कशी आहे विचारलं. मग मुद्द्यावर आला. बसवराजच्या उजव्या खांद्यात काही आहे का? तुला माहीत असणार.

बसवराजने व्यंकटकडे पाहिलं. स्क्रममध्ये रेफरीने हाक देण्याआधी तो असाच पाहायचा, तयार आहेस ना, असं. नऊ वर्षं त्या नजरेला एकच उत्तर मिळालं होतं.

"सर," व्यंकट हिंदीत म्हणाला, "माझी मान खराब होती. ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. चूक माझी. बसवराजच्या खांद्याचं बसवराजला विचारा. तो माझ्यासमोर बसलाय." आणि त्याने फोन पुढे केला.

बसवराजने डाव्या हाताने फोन घेतला. क्षणभर तो कोपीतल्या पाच पांढऱ्या दगडांकडे पाहत राहिला. व्यंकटला वाटलं, आता हा सांगेल. एवढ्या लांब आलाय, तर सांगेल. आपल्याला मिळालेली संधी आपण घालवली, हा नाही घालवणार. असं वाटलं हे नंतर त्याला सगळ्यात जास्त लागलं, की त्या क्षणापर्यंत आपण त्याच्याच बाजूने होतो.

"शोल्डर एकदम फर्स्टक्लास आहे, सर," बसवराज म्हणाला. "अण्णा मस्करी करतोय. येळवस आहे ना आज, सगळे मजेत आहेत."

फोन बंद झाला. बसवराजने फोन पत्रावळीशेजारी ठेवला, तोंड पुसलं आणि उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची कळा होती.

"येतो, अण्णा. लई उपकार झाले."

"अंबील न घेता?" श्रीपतराव म्हणाले. "तसं जाता येत न्हाई."

विजयश्रीने पितळी तांब्या काठोकाठ भरून नवऱ्याच्या हातात दिला. तोही उठला. बसवराजने डावा हात पुढे केला.

"उजवा," श्रीपतराव खालूनच म्हणाले. "येळवशीचं उजव्या हातानं घेतात, बाबा."

बसवराजने उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. व्यंकटचा डावा खांदा आपोआप पुढे झुकला, त्या काखेची जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती. अर्ध्या वाटेत त्याने तो मागे घेतला. तांब्या मात्र तो खाली घेईना. उजव्या हाताने, खांद्याइतक्या उंचीवर, तो धरून राहिला.

एक. बसवराजचा हात बोटभर वर आला. दोन. त्याच्या कपाळावर घाम दिसला, डोळ्यांत विनवणी. तिसऱ्या सेकंदाला व्यंकटचा अंगठा गेला.

तांब्या दोघांच्या मध्ये पडला. अंबील बसवराजच्या बुटांवर उडाली, बाकीची काळ्या मातीने ओढून घेतली.

विजयश्री पडलेल्या तांब्याकडे पाहत नव्हती. ती नवऱ्याच्या हाताकडे पाहत होती, चार बोटं मिटलेली आणि अंगठा तसाच उघडा राहिलेला.

"हे कवापासून?" तिने विचारलं.

बसवराजने मान खाली घातली. उत्तर त्यालाही ठाऊक होतं. पण या वेळी तो बोलला नाही.

"तीन वर्षं," व्यंकट म्हणाला. "खाली बस, सांगतो."