काळतोंडीचा कान

मित्रांनो, चौसाळ्याला हायवेलगतच्या झेरॉक्सच्या दुकानात फोन कॉम्प्युटरला जोडणारी जी जुनी केबल होती ना, ती मी. माझी कहाणी सांगते खरी, पण माझा जीव एका जागी कधी ठरलेला नाही.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारा भरल्या, तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. दुकानात आले आणि दिवसाला वीस-वीस फोन माझ्या गळ्यात पडू लागले. फोटो काढा, फॉर्म काढा! काम झालं की दुकान चालवणारी रोहिणी पिन न धरता मला ओढायची. ओढून ओढून मानेपाशी माझं कातडं फाटलं. तिने चिकटपट्टी गुंडाळली, पण जरा हललं की संपर्क जायचा. आता तुटते की मग तुटते, याच धास्तीत मी जगले.

एका सकाळी नेकनूरकडच्या बायनाबाई धापा टाकत आल्या. त्या मेंढ्या राखतात. त्यांच्या चार मेंढ्या चोरीला गेल्या होत्या आणि त्यातलीच एक एका दलालाच्या स्टेटसवरच्या व्हिडिओत विकायला दिसली होती. उजव्या कानाला दोन चिरा, ही त्यांच्या कळपाची खूण. ठाण्यात पुरावा मागितला होता. चोवीस तास भरले की स्टेटस अकराला आपोआप पुसलं जाणार होतं आणि पावणेअकरा वाजून गेले होते!

बायनाबाईंच्या फोनची मेमरी गच्च, त्यात रेकॉर्डिंग होईना. रोहिणीने स्वतःच्या फोनने शूटिंग करून पाहिलं, तर बाईंच्या फोनच्या फुटक्या काचेच्या भेगांत कान दिसेना. मग तिने मला जोडलं. फोनचं चित्र कॉम्प्युटरवर उमटलं आणि लगेच गेलं. पुन्हा उमटलं, पुन्हा गेलं. दोष माझाच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मावशी, फोन मांडीवर घट्ट धरा. हलू नका बरं, केबल लूज हाय.”

रेकॉर्डिंग सुरू झालं. मोठ्या स्क्रीनवर मेंढीने तोंड वळवलं आणि बायनाबाईंना राहवलं नाही.

“हुर्र, ये ये! माझी काळतोंडी हाय की गं ती!” अशी हाक मारत त्या उठल्याच. मांडीवरचा फोन सुटला आणि माझ्या फाटक्या मानेला लोंबकळला.

फोनचं सगळं ओझं माझ्यावर! आतली एकेक तार तुटत होती आणि कान अजून दिसला नव्हता. थांब बाई, थोडं थांब, असं मी स्वतःलाच विनवत होते. मेंढीने मान झटकली. दोन चिरा स्वच्छ दिसल्या.

“आलं मावशी, समदं आलं!” रोहिणी ओरडली. त्याच क्षणी मी निकामी झाले.

रोहिणीने मला कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. बायनाबाईंनी उचललं. “टाकती कावून? लई दम हाय हिच्यात.”

त्या रेकॉर्डिंगवरून शोध लागला. काळतोंडी सापडली. बाकीच्या तिघी तोवर कापल्या गेल्या होत्या. ठाण्यातून घरी नेताना दोरी नव्हती, म्हणून बायनाबाईंनी मला काळतोंडीच्या गळ्यात बांधलं. तेव्हापासून मी तिच्याबरोबर काट्याकुट्यांतून हिंडते आहे. इथेही स्वस्थता नाहीच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल. तिला ओढू नका, पिन धरून अलगद काढा. कुणाचा जीव कधी तिच्यावर टांगलेला असेल, सांगता येत नाही.

संध्याकाळी बायनाबाई अजूनही चौघींना नावाने हाका मारतात. एकच येते. तेव्हा त्या मला इतकं घट्ट धरतात, की माझं उरलंसुरलं कातडं दुखतं. मी दुखू देते.