हरळीची टेस्ट

माझा मोठा मुलगा खेळाच्या मैदानाचा माळी. मैदानाच्या कडेच्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या. नवरा गेल्यावर माझं बूड तिथेच टेकलेलं. आणि सूनबाई काय म्हणते, तर हरळीला तुरे आले की तिला श्वास घेता येत नाही. घ्या! जगाच्या पायाखालचं गवत, ते नेमकं हिच्याच छातीवर बसतं.

डोळे लाल, नाक वाहतंय, छातीत शिट्ट्या. मुलगा विरघळला. म्हणाला, "आई, ॲलर्जीच्या टेस्टमध्ये हरळी निघाली तर मी नोकरी सोडतो. तिचा भाऊ काम देतोय. तू धाकट्याकडे राहा." धाकट्याकडे! त्याची बायको मला कुत्र्यासारखं दारात बसवेल.

तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, आठवडाभर सर्दीची गोळी नको, नाहीतर टोचलं तरी हातावर काही उठणार नाही. मी कान देऊन ऐकलं. मग रोज सकाळी एक गोळी लाटण्याने बारीक करून तिच्या चहात ढवळली, साखर जरा जास्त घातली. "किती करता हो माझं," ती म्हणाली. त्या आठवड्यात तिचं नाकही वाहिलं नाही. मुलाने ते बघितलं.

टेस्टला हात कोरा. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "एक टोचणी तरी उठायलाच हवी होती, ती सगळ्यांनाच उठते. पुन्हा या." मुलाचा तिळपापड झाला. "पुन्हा कशाला? दोन वर्षं नाचवलंस मला." घरी येऊन त्याने तिचा श्वासाचा पंप कपाटात टाकला, किल्ली खिशात घातली आणि कापलेलं गवत ओढायला तिच्या हातात दाताळं दिलं. मी दारात बसून बघत होते. खोटं का बोलू, बरं वाटलं.

दुपारी ती मैदानातच कोसळली. ओठ निळे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाची ॲलर्जी आहे हिला?"

"कशाचीच नाही, टेस्ट केलीय," मुलगा म्हणाला.

डॉक्टरांना पटलं नाही. ते माझ्याकडे वळले. "आजी, तुम्ही घरात असता. नीट आठवून सांगा."

खाटेवरून ती माझ्याकडेच बघत होती. बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवत होती, सांगा म्हणून. मी मुलाकडे बघितलं.

"तिला सवयच आहे असं करायची," मी म्हटलं.