तीन महिने पुरे होईपर्यंत

मागच्या वेळी बातमी दुसऱ्याच महिन्यात फुटली होती, आणि फोडणारा योगेशच होता. पेढे वाटून. पंधरा दिवसांनी तीच बातमी घरोघरी जाऊन परत घ्यावी लागली. तेव्हा लोकांनी उत्कर्षाला इतके सल्ले दिले, की ती महिनाभर जिना रिकामा बघूनच उतरायची. म्हणून या खेपेला तिने बजावलं, "तीन महिने पुरे होईपर्यंत कोणाला म्हणजे कोणाला नाही. तुझ्या आईलाही नाही."

सातवा आठवडा लागला आणि सकाळी सहापासून उलट्या सुरू झाल्या. कंपनीत तिने ॲसिडिटी सांगितली. दोघंही हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचे. योगेशने बिघाड शोधायची ऑफिसातली पद्धत घरी लावली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सोमवारी चहा बंद. मंगळवारी आलं चालू. बुधवारी आफ्टरशेव्ह बंद. गुरुवारी तो स्वतःच बंद, म्हणजे गॅलरीत. उलटी ठरल्या वेळी झाली.

सदाशिव पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं. "दोन किलो उतरलंय. आणखी उतरलं तर ॲडमिट करून सलाईन."

"ॲडमिट झाले तर सगळ्यांना कळेल," उत्कर्षा म्हणाली.

"आम्ही बाहेर बोर्ड लावत नाही."

त्याच आठवड्यात कात्रजच्या त्यांच्या सोसायटीला काय झालं कोण जाणे. समोरच्या शैलाकाकूंनी चार वर्षांत कधी वाटीभर साखर दिली नव्हती. त्या साळीच्या लाह्यांचा डबा घेऊन आल्या. "जास्त झाल्यात. उठायच्या आधी, अंथरुणातच दोन घास खायच्या असतात. असं ऐकलंय." खालचे रंगराव आवळासुपारी देऊन गेले. वरच्या वेणूबाईंकडून सकाळी येणारा लसणाच्या फोडणीचा वास एकाएकी थांबला. योगेश गोंधळला. पार्किंगवरून वर्षभर भांडलेली माणसं अशी गोड का व्हावीत? सोसायटीची निवडणूक तर मार्चमध्येच झाली होती.

रविवारी दाढी करताना बाथरूमच्या खिडकीबाहेरच्या डक्टमधून त्याला रंगरावांचं खाकरणं ऐकू आलं. मग बादलीचा आवाज. मग रंगराव बायकोला हळूच म्हणाले, "आज एकदाच झाली गं तिला. लाह्या लागू पडल्या वाटतं."

योगेशने साबणाच्या तोंडानेच ते उत्कर्षाला सांगितलं. ती पांढरी पडली. गाऊनवर ओढणी घेऊन तिने लाह्यांचा रिकामा डबा उचलला आणि समोरची बेल दाबली.

"काकू, तुम्हाला कळलंय?"

"काय कळायचंय?"

"म्हणजे... आमचं."

"हे बघ, तीन महिने पुरे झाल्याशिवाय या बिल्डिंगमध्ये कोणालाही काही कळत नाही." काकूंनी तिच्या हातातून रिकामा डबा घेतला. "मागच्या वेळी फार बोललो आम्ही."

उत्कर्षा दारातच रडायला लागली. काकू आत गेल्या आणि तिच्याकडे पाठ करून, ती थांबेपर्यंत, डबा भरत राहिल्या.