सव्विसावा सोमवार

ती जपानी कार्टून मालिका सुमार होती, हे सुंदराला पहिल्याच रविवारी कळलं होतं. ताटलीएवढ्या डोळ्यांची एक पोरगी, मियो तिचं नाव. तिचा बाप वादळात हरवतो आणि ती उडत्या नावेत बसून त्याला शोधायला निघते. सोबत एक खादाड बोका आणि एक पत्र्याचा माणूस. दर रविवारी नवं बेट, नवा गुंड, आणि शेवटी त्याच त्या निळ्या दिव्याने गुंडाचा तोच तो निकाल. पोरगी पळायला लागली की तिच्यामागून एकच डोंगर पाच वेळा जायचा. तरी सकाळी दहा वाजता सुरतेच्या नवागामातल्या त्या खानदेशी गल्लीत ज्या चार घरांत टीव्ही होता, त्या चारही घरांत तो लागलेला असायचा. जेवण बेताचं आहे म्हणून कुणी भरल्या ताटावरून उठत नाही.

रुक्मिणीला मात्र रविवारी सुट्टी नसायची. ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायला जायची. त्या भागातली वीज सोमवारी बंद, म्हणून कारखान्याची सुट्टीही सोमवारची. सोमवारी सकाळी ती सुंदराच्या ओट्यावर येई, सुंदराकडे कामाला आलेल्या गठ्ठ्यातली एक साडी मांडीवर ओढून घेई, कातरीने भरतकामाचे लोंबते धागे कापायला लागे आणि म्हणे, "हां, सांग व ताई. काय व्हयनं मंग?"

आणि सुंदरा सांगायची.

घोळ झाला तो इथेच. पाचव्या भागानंतर मालिकावाले त्या पोरीच्या बापाला साफ विसरून गेले. अर्धा अर्धा तास बोका चोरून मासे खातोय आणि पत्र्याचा माणूस अडखळून पडतोय. पण हे रुक्मिणीला सांगायला सुंदराची जीभ रेटेना, कारण रुक्मिणीचा नवरा सुपडूही असाच हरवलेला. अडीच वर्षांपूर्वी प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत तोंडाला रुमाल बांधून पळालं, तेव्हा सुपडूने बायकोला उधना स्टेशनवर खिडकीतून गाडीत कोंबलं. "कारखान्यानी किल्ली दी येस, मागनी गाडीनी येस," म्हणाला. मागची गाडी आली, तिच्या मागची आली, महिन्याभराने लूमही सुरू झाले. सुपडू ना दवाखान्याच्या यादीत, ना गावी. कुणी म्हणे भिवंडीला दिसला, कुणी म्हणे मालेगावला.

तेव्हा मालिकेतला बाप सुंदराने स्वतःच्या हिमतीवर जिवंत ठेवला. पहिल्या भागात त्याच्या हातात लाल हातमोजे होते, तेवढं भांडवल तिला पुरलं. संक्रांतीच्या सुमारास तिने त्यातला एक हातमोजा बर्फाच्या बेटावर मियोला सापडवून दिला. रुक्मिणीची कातर थांबली. होळीच्या आधी दुसरा सापडला, एका कोळ्याच्या झोपडीत, अजून ऊबदार. गुजराती शाळेत आठवीला असलेली योगिता, सुंदराची लेक, आतून ओरडली, "मम्मी, आवुं क्यां हतुं?" सुंदरा म्हणाली, "कुठे होतं ते राहू दे, तू गणितं कर." रुक्मिणीचा चेहरा उजळलेला बघायला तिला आवडायचं, आणि खरं सांगायचं तर आपण त्या जपान्यांपेक्षा बरी गोष्ट रचतो याची थोडी फुशारकीही होती.

चैत्रात रुक्मिणीचा भाऊ हिलाल याचा निरोप आला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशीण घरी न्यायची, तसा तो न्यायला येणार होता. पण या खेपेला परत पाठवण्यासाठी नाही. शिरपूरकडे एक बायको वारलेला माणूस होता, घरचं शेत, एक लहान मुलगी. त्याच्याशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं घरच्यांनी ठरवत आणलं होतं. रुक्मिणी हो म्हणेना, नाही म्हणेना. तिच्या गावी असा पेच पडला की देवीला कौल लावत; देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवायची आणि उजवं आधी पडतं की डावं ते बघायचं. इथे सुरतेत कुठली आली देवी? एका सोमवारी धागे कापता कापता ती म्हणाली, "त्या पोरीले बाप सापडना तर मी आठेच थांबसू. नही सापडना तर भाऊसंगे जासू. मी कौल लायेल शे."

सुंदरा आधी हसली, मग तिने हातातली कातर खाली ठेवली.

शेवटचा भाग आला तो आखाजीच्या आधीच्या रविवारी. हिलाल त्याच संध्याकाळी यायचा होता आणि सोमवारी दुपारच्या भुसावळ पॅसेंजरने परत निघायचा होता. सुंदरा टीव्हीसमोर पदर खोचून बसली. शेजारी चादर ओढून तिचा नवरा मगन रातपाळीची झोप काढत होता; त्याचा कारखाना दुसऱ्या भागात, सुट्टी मंगळवारची. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला टीव्हीने काय जाग येणार. सुरुवात तर झकास झाली. काळं वादळ, नाव फुटायला आलेली, आणि पलीकडच्या बेटावर एक उंच माणूस पाठमोरा उभा. सुंदरा गुडघ्यांवर आली. "फीर रे बाबा," ती म्हणाली, "एकदा तोंड तर दाखव."

तेवढ्यात घंटा वाजली. गजराची.

मियो आपल्या घरात, आपल्या पलंगावर. पत्र्याचा माणूस म्हणजे फळीवरचं खेळणं, बोका पायपुसण्यावर झोपलेला. आणि बाहेर टेबलाशी चहा पीत पेपर वाचत बसलाय कोण, तर बाप. "उठ गई बेटा? स्कूल के लिए देर हो रही है." संपलं. नावं वर सरकायला लागली.

"आ तो बधुं सपनुं हतुं!" योगिताने पेन्सिल भिरकावली. "छव्वीस रविवार बगाड्या!"

पोरगी चिडली ते बरोबरच होतं. सुमार गोष्टीला माणूस नावं ठेवत नाही, चालवून घेतो. पण शेवटच्या घासाला खडा लागला की आधीच्या वरणभाताचीही चव जाते. बेटं नव्हती, वादळ नव्हतं, मग आपण दिवाळीपासून बघत काय होतो? सुंदराला त्या जपान्यांचा असा राग आला की समोर असते तर तिने कातर फेकून मारली असती.

मग दिवसभर तिच्या पायाला भिंगरी लागली. ओटा दोनदा झाडला. पाणी भरायला गेली ती रिकामी घागर घेऊन परत आली. बाप सापडला म्हणावं, तर रुक्मिणी अजून दहा वर्षं उधन्याच्या गाड्या मोजत बसेल. सापडला नाही म्हणावं, तर आपण आपल्या हाताने तिला सुपडूपासून तोडली. आणि तो उद्या दारात उभा राहिला तर? इकडे आड, तिकडे विहीर. मगन उठून जेवायला बसला आणि म्हणाला, "डाळ अळणी लागस." त्याने मीठ घालून घेतलं; डाळ खारट झाली असती तरी सुंदराला कळलं नसतं. संध्याकाळी खांद्यावर पिशवी टाकून हिलाल गल्लीच्या तोंडातून जाताना दिसला. भला माणूस, घामाघूम, बहिणीचं घर विचारत चाललेला. तो दिसला आणि सुंदराने ठरवलं: जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगायचं. पाप लागलं तर त्या टीव्हीवाल्यांना लागेल.

सोमवारी रुक्मिणी आली ती नाहून, वेणी घालून. तिने साडी ओढून घेतली नाही. ओट्याच्या कडेला टेकली, मुठी मांडीवर ठेवल्या. "सांग व ताई. काय व्हयनं मंग?"

सुंदराने सांगितलं. घंटा, पलंग, पेपर, चहा. एक शब्द पदरचा घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट जशीच्या तशी सांगत होती आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटत होता.

"गयाच नव्हता?" रुक्मिणी म्हणाली. "बाप घरमाच व्हता?"

"घरमाच."

"मंग मी अडीच वरीस कोनी वाट देखी राहिंतू?"

सुंदराला राहवलं नाही. "रुक्मिणी, हातमोजे मी टाकेल व्हतात. त्या गोष्टमा बाप नव्हताच. मी..."

"माले माहित व्हतं," रुक्मिणी म्हणाली. आवाज शांत होता, रडका नव्हता, आणि तेच सुंदराला सहन होईना. "होळीना आगोदर मालकनी पोरनं लगीन व्हतं, रईवारनी सुट्टी मिळनी. शेजारनीकडे मी देखं. बाप कोठेच नव्हता. नुसता बोक्या खाई राहिंता. आनि दुसरे दिन तू दुसरा हातमोजा काढा."

सुंदराने मांडीवरची साडी बाजूला सारली.

"मी कौल टीव्हीले नही लावा, ताई. तुले लावा व्हता. बाप मरी गया सांगती, तरी चालतं. मी रडती, उठती, चालू पडती." ती उभी राहिली, धागे निघावेत म्हणून तिने सवयीने लुगडं झटकलं. आज एकही नव्हता. "सम्दं तुन्हं सांगं. मंग शेवटच त्यासना कसाले सांगा?"

ती गेली. सुंदराने कातर हातात घेतली आणि पहिल्याच साडीला, धाग्याऐवजी, कापडाला कात्री लावली. तिला आता स्वतःची लाज वाटत होती. खरं बोलणार म्हणून रात्रभर पाठ थोपटून घेतली, पण ते खरेपण कसलं, भित्रेपण होतं. एवढी पंचवीस आठवडे हाकलेली नाव, आणि किनारा आला तेव्हा वल्हं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळी झाली. बाराचा भोंगा झाला तशी ती उठली. "योगिता, दार लाव," म्हणाली आणि पायात एक चप्पल स्वतःची, एक मगनची घालून निघाली.

उधना स्टेशनावर आखाजीची गर्दी. सगळा खानदेश माहेरी निघालेला. सुंदरा डब्यामागून डबा बघत धावली आणि सहाव्या खिडकीत तिला रुक्मिणी दिसली, शेजारी मांडीवर पिशवी घेतलेला हिलाल.

"रुक्मिणी! मी खोटं सांगं!" सुंदराने खिडकीचे गज धरले. तिला दम लागला होता. "सपन-बिपन काही नव्हतं."

रुक्मिणीने तिच्याकडे पाहिलं. मग नेहमीसारखी, अगदी ओट्यावर बसल्यासारखी पुढे झुकली. "काय व्हयनं मंग?"

"शेवटलं बेट. वादळ थांबेल. किनारावर दगडसना ढीग. तठला लोकसनी सांगं, एक परका मानूस उना व्हता. वादळमाईन त्याने चार पोरं काढात. पाचवासाठे गया, तो परत उनाच नही."  हे सांगायला धीर लागत होता. समोर तो धीर मागणारे डोळे होते. "पोरगी तठे एक दिन बसनी. कोनशी बोलनी नही. मंग तिने हातमोजे पानीमा सोडी दिन्हात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

रुक्मिणीचा चेहरा हळूहळू मोडत गेला. तिने पदर तोंडात धरला, आणि अडीच वर्षांत सुरतेत कुणी ऐकलं नव्हतं असं ती रडली, मोठ्याने, भर डब्यात. हिलाल दचकून उभा राहिला. "कोन मरनं व? कोन मरनं?" तो एकदा बहिणीला, एकदा सुंदराला विचारत होता. 

गाडी हलली. रुक्मिणीने गजांतून हात बाहेर काढला आणि सुंदराची बोटं घट्ट धरली, फलाट सरकायला लागला तरी. "मंग?" तिने रडता रडता विचारलं. "पोरगी काय करनी मंग?"

"घर गई," सुंदरा गाडीसोबत चालत म्हणाली. "तिनी नाव तिनेच चालावी, एकलीने."

बोटं सुटली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत सुंदरा तिथेच उभी होती, आणि मग तिला कळलं की आपण एका पायात मगनची चप्पल घालून आलोय आणि पाळी बदलून आजपासून दुपारी कामाला जाणारा मगन ती घरभर शोधत असेल.