कप्तान कट

आमच्या घरी सकाळ फुग्यानं होते. वाढदिवस नसतो की काही नसतं. मी गाल दुखेपर्यंत फुगा फुगवते, आई त्याला दाढीचा फेस फासते आणि बाबा वस्तऱ्यानं त्याची दाढी करतात. फुगा टिकला तर वस्तरा दुकानात न्यायचा. फुटला तर त्या दिवशी वस्तरा घरी आणि दुकानात फक्त कात्री, मशीन. हा आईचा कायदा. सलूनमधले नवशिके कारागीर असेच फुग्यावर शिकतात. बाबा नवशिके नाहीत, चौकातल्या सलूनचे मालक आहेत, पण दारूनं त्यांचे हात नवशिक्याहून वाईट करून ठेवले होते. त्यांनी सोडली आणि आईनं हा फुगा सुरू केला. "माणूस थापा मारतो, फुगा मारत नाही," असं ती म्हणते.

बाबांनी दारू सोडली ती कप्तानामुळे. आईमुळे नाही, माझ्यामुळे तर नाहीच. आई हे हसत हसत सांगते, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

कप्तान म्हणजे आमच्या शहरातल्या क्लबच्या फुटबॉल संघाचा कप्तान. फायनल जिंकल्यावर त्यानं मुलाखत दिली होती. हातात पाण्याचा ग्लास धरून तो सरळ कॅमेऱ्यात बघत म्हणाला, "मी प्यायचो. सोडली. ज्याला सोडायची असेल त्यानं माझ्याबरोबर सोडा, एकट्यानं जमत नाही." बाबा टीव्हीसमोर बसले होते. ते उठले, माळ्यावरची बाटली काढून मोरीत ओतली आणि परत येऊन टीव्हीला म्हणाले, "ठरलं मग." जसा काही तो समोर बसून हात पुढे करत होता!

आणि खरंच ठरलं. आधी दिवस वाईट गेले, मग बरे, मग एकदम झकास. हात थांबले. पळालेली गिऱ्हाइकं परत आली. कप्तानाच्या डोक्यावर कानाच्या वरून मागे जाणारी एक बारीक पट्टी असते, वस्तऱ्यानं केस काढून केलेली. तो कप्तान कट मागायला लोक लांबून आमच्याकडे यायला लागले, कारण दुसऱ्यांची पट्टी म्हणजे उंदरानं कुरतडलेली किनार आणि बाबांची म्हणजे ताणलेला दोरा. मीही बदलले. आधी शाळेत कुणी विचारलं की बाबा काय करतात, तर माझ्या बुटाची नाडी सुटायची. आता मी शाळेच्या सामन्यांना माइकवरून कॉमेंट्री करते. माझा आवाज असा आहे की एकदा माइक बंद पडला तर सामना संपेपर्यंत कुणाला कळलंच नाही. दुकानातले सगळे मला भोंगा म्हणतात. मला आवडतं.

तर त्या रविवारी फुगा फुगला होता, फेस लागला होता, बाबांनी वस्तरा टेकवला होता आणि टीव्ही चालू होता. बातमी आली की कप्तानाला पहाटे पोलिसांनी पकडलं. दारू पिऊन गाडी चालवत होता. गाडी बसथांब्यात घुसवली. थांब्यावर एक बाई उभी होती.

फुगा फुटला. फेस आईच्या तोंडावर उडाला, तिच्या एका भुवईवर पांढरा ढीग बसला. एरवी मी लोळून हसले असते.

"त्या बाईचं काय झालं?" आईनं विचारलं.

टीव्ही ते सांगत नव्हता. टीव्ही कप्तानाचे गोल दाखवत होता.

आई इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करते, रविवारी तिची पाळी असते. निघताना तिनं वस्तऱ्याची पेटी कपाटात टाकली. "आज वस्तरा नाही. तो पडला म्हणून तुम्हीही पडायचं असं काही नसतं."

"अगं, तो पडलेलाच नाही," बाबा म्हणाले. "काहीतरी घोळ आहे. संध्याकाळपर्यंत बघ, सगळं उलटं निघेल."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू दुकानात जा. त्यांना एकटं सोडू नको." बाबांच्या समोरच म्हणाली. आमच्या घरात या बाबतीत कुजबुज नसते.

तिची पाठ वळली आणि बाबांनी कपाट उघडून पेटी पिशवीत टाकली. "नुसती असू दे जवळ," ते मला म्हणाले. "वापरतोय कोण!"

दुकानात आमच्या आधीच पायरीवर मंडळी हजर. घरं रंगवणारे पेंटरकाका, रविवारची सुट्टी असलेला कंडक्टर, आणि टक्कलशेठ. यांच्या डोक्यावर औषधाला केस नाही, तरी दर रविवारी पहिला नंबर लावून बसतात, वर गिऱ्हाइकांना सल्ला देतात.

"कुणीतरी सरबतात मिसळलंय," टक्कलशेठ म्हणाले. "मी लिहून देतो."

"तुम्ही काय लिहून देणार! पोलिसांत समोरच्या संघाचे लोक भरलेत, हे मूळ," कंडक्टर म्हणाला. "मशीनमध्ये फुंकायला लावतात ना, ते मशीनच फिरवलेलं असणार."

"खोकल्याचं औषध असेल," पेंटरकाका म्हणाले. "माझ्या मेव्हण्याला पण तसंच धरलं होतं."

"काका, तुमच्या मेव्हण्याला बारमधून धरलं होतं," मी म्हणाले.

"खोकला तर होता ना!"

सगळे खो खो हसले. बाबाही हसले, आणि माझ्या जिवात जीव आला. मग मी पण सुटले. तोंडाशी कंगवा धरून कॉमेंट्री चालू केली: "आणि पोलिसांचा फाऊल! पंच कुठे आहेत? पंच चहा पितायत!" बाबा कात्री चालवत होते, त्यांचा हात बरा होता, आणि मला खरंच वाटायला लागलं की आम्ही सगळ्यांनी मिळून पुरेसा आवाज केला तर संध्याकाळपर्यंत सगळं उलटं निघेल.

दुपारी टीव्हीवर कप्तान आला. पोलीसचौकीच्या पायऱ्यांवर उभा होता, डोळे सुजलेले, कानावरची पट्टी वाढून खरखरीत झालेली. वकील दंडाला धरून ओढत होता, पण तो जागचा हलेना. समोर माइकची झुंबड.

"तुम्ही तर सोडली होती ना?" कुणीतरी विचारलं.

"कुणी सोडली?" कप्तान म्हणाला आणि हसला. अजून उतरलेली नव्हती. "ते क्लबनं लिहून दिलं होतं. मी वाचलं."

वकिलानं त्याला गाडीत कोंबलं.

टक्कलशेठ स्वतःच्या टकलावरून हात फिरवत होते. शेवटी पेंटरकाकांनी मांडीवर थाप मारली. "बघा! कबूल केलं की नाही तोंडावर? याला म्हणतात मर्द. दुसरा असता तर शेपूट घालून बसला असता."

"आणि मी म्हणतो, आपल्या बापाचं काय जातं?" कंडक्टर म्हणाला. "गोल मारतोय ना?"

"तेच तर!" पेंटरकाकांचे डोळे चमकले. "पिऊन एवढे मारले. न पिता किती मारले असते! किंवा न पिता जमलेच नसते, कुणाला ठाऊक?"

बाबा कात्री हातात धरून टीव्हीकडे बघत होते. तिथं आता साबणाची जाहिरात लागली होती.

"म्हणजे मुलाखतीच्या दिवशी पण," ते म्हणाले. कुणाशी बोलत होते कोण जाणे. "मग मी कुणाबरोबर सोडली?"

"आमच्याबरोबर, बाबा," मी पटकन म्हणाले. "आई, मी आणि फुगा."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात मंडळींचं ठरलं. सगळ्यांनी आजच्या आज कप्तान कट करायचा आणि संध्याकाळी क्लबच्या फाटकासमोर उभं राहायचं, म्हणजे त्याला कळेल की माणसं फिरलेली नाहीत. फोन गेले. बघता बघता पायरीच्या खाली रांग लागली. पेंटरकाका खुर्चीत बसले आणि मान वाकडी करून म्हणाले, "उस्ताद, काढा पट्टी!"

"आज वस्तरा नाही," बाबा म्हणाले. "मशीननं काढतो."

"मशीननं? ती पट्टी होईल की पायवाट? की तुम्ही पण संघ बदलला?"

रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. बाबांनी पिशवीतून पेटी काढली. मी "बाबा" म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. वस्तरा पेंटरकाकांच्या कानाजवळ गेला आणि तिथंच नाचायला लागला. आरशात सगळ्यांना दिसत होतं.

"उस्ताद, कान मला लागतो हो," पेंटरकाका म्हणाले. "बायको एकाच कानानं ऐकते, मला तरी दोन असू द्या." हशा झाला. तो वाईट हशा नव्हता. म्हणूनच बाबांना लागला असावा.

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "ब्लेडं संपली. घेऊन येतो."

ब्लेडांचा अख्खा डबा माझ्या कोपराशी होता. "मी आणते!" मी म्हणाले.

"तू बस."

मी पायरीपर्यंत धावले. ब्लेडचं दुकान उजवीकडे आहे. बाबा डावीकडे वळले. डावीकडे काय आहे ते आमच्या चौकात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी हाक मारली, माइकवर मारते तशी, पोटातून. समोरच्या गॅलरीतली बाई वाकली, सायकलवाला थांबला, एक कुत्रं उठून उभं राहिलं. बाबा वळले नाहीत.

परत आले ते पेपरमिंट चघळत. "चला, कोण आहे पहिला?" असा खणखणीत आवाज मी कितीतरी काळात ऐकला नव्हता. वस्तरा उचलला. हात दगडासारखा स्थिर. पेंटरकाकांच्या कानावरून पट्टी अशी निघाली की रांगेतल्या लोकांनी आत डोकावून टाळ्या वाजवल्या. "हे बघा, आले आपले उस्ताद!" टक्कलशेठ म्हणाले.

"बाबा, तुम्ही पिऊन आलात," मी म्हणाले.

माझा आवाज कुठपर्यंत पोचतो ते सांगितलंच आहे. रांगेच्या शेवटच्या माणसानंही मान वर केली. मला वाटलं, आता कुणीतरी वस्तरा काढून घेईल. एवढी मोठी माणसं होती तिथं.

"अगं, बापाला चारचौघांत असं बोलतात होय?" टक्कलशेठ म्हणाले.

"घेतली असेल घोटभर," पेंटरकाका आरशात मान वळवून पट्टी न्याहाळत होते. "पण काम बघ ना! ओळंबा लावून घे."

"त्यांनी सोडली होती!"

"मग काय कुणाचा खून केला?" कंडक्टर म्हणाला. "कारागीर माणूस आहे. थोडं लागतं."

मी बाबांकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले, ते जुनं, सैल हसू, आणि वस्तरा कपड्याला पुसत सगळ्यांना म्हणाले, "भोंगा आहे आमचा. आता बापाची पण कॉमेंट्री करतो."

काय हसले लोक! विनोद चांगलाच होता. दुसऱ्या कुणाच्या बापावर असता तर मीच केला असता. माझा सगळा दम त्या एका वाक्यात गेला होता आणि त्यानं खुर्चीतला माणूससुद्धा हलला नाही. पेंटरकाका उठले, पुढचा बसला. मी झाडू घेतला, कारण केस पायात येत होते.

दिवेलागणीला आई आली. दारातच थांबली.

"ये, ये!" बाबा ओरडले. "बघ आज दुकान कसं वाहतंय!"

आईनं दुकानाकडे पाहिलं नाही. गिऱ्हाइकाच्या कानाशी असलेल्या, पूर्वी पहिल्या घोटानंतर व्हायचा तशा त्या स्थिर हाताकडे पाहिलं. एकदाच. तिला वास घ्यायला जवळसुद्धा जावं लागलं नाही.

"आई, मी त्यांना..."

"माहीत आहे."

"ती बाई? तुमच्याकडेच आणली ना?"

"पाय काढला," आई म्हणाली.

पेंटरकाकांनी ऐकलं. त्यांनी फोनमधून डोकं वर काढलं, "वाईट झालं," म्हणाले, आणि जरा वेळानं, "पण थांब्यावर दिवाच नव्हता म्हणे."

आईनं खिळ्यावर टांगलेली बाबांच्या स्कूटरची किल्ली काढून पदराच्या गाठीत बांधली. दुकान बंद करा म्हणाली नाही, भांडली नाही. माझ्या हातातला झाडू घेऊन भिंतीला टेकवला आणि मला घेऊन बाहेर पडली.

रस्त्यानं माणसं क्लबकडे निघाली होती. कप्तानाचं नाव घेत होती. प्रत्येकाच्या कानावर बाबांच्या हातची पट्टी, एकसारखी. एकानं मला ओळखलं. "भोंगा, चल की! तुझ्याशिवाय आवाज कसा होणार?"

मी मान हलवून नाही म्हटलं. आई झपझप चालत होती.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"येतील. पूर्वी यायचेच की." ती चालता चालता मनात काहीतरी जुळवत होती, जुनी कामं आठवावीत तशी. "घरी गेल्यावर आधी जिन्यातला दिवा लाव. आणि दारातलं काचेचं टेबल आत घे, धडपडले तर लागेल त्यांना."