होशिनोला किती मार्क?

"कोच, यंदा आलेल्या चार नव्यांपैकी नापास कोण?"

प्रश्न माइकमधून गेला आणि अख्खा हॉल चिडीचूप झाला. नुपूरचे कान गरम झाले. मागच्या खुर्च्यांवर मिताली आणि आयाका एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खुदुखुदु हसत होत्या. हसणारच! दगड-कागद-कात्रीत नुपूर हरली होती आणि पैज त्या दोघींनीच लावली होती. विचारलंस तर कोन्बिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातला, गरमागरम आनमान आमच्याकडून. आनमान म्हणजे पुरणासारखं गोड सारण भरलेला वाफाळता पाव. त्याच्यासाठी नुपूर कुणालाही काहीही विचारायला तयार होती, निदान पाच मिनिटांपूर्वीपर्यंत तरी.

वान्गान एफसी हा दुसऱ्या डिव्हिजनमधला, कधी जिंकणारा, बऱ्याचदा हरणारा त्यांचा लाडका फुटबॉल संघ. सीझन संपला की संघ आपल्या चाहत्यांना बोलावून त्यांचे आभार मानतो आणि त्या दिवशी नव्या खेळाडूंना काहीतरी खुळ्यासारखं करून दाखवावं लागतं, तशी इथली पद्धतच. आत्ताच चौघं शाळकरी मुलींचे स्कर्ट घालून नाचले होते. गोलकीपर होशिनो सहा फुटांच्या वर. त्याचा स्कर्ट कसाबसा कमरेला अडकला होता आणि नाचताना तो सारखा खाली ओढत होता. नुपूरचं हसून हसून पोट दुखलं होतं.

या चौघांचे मार्क मैत्रिणींनी गेल्याच आठवड्यात ट्रेनमध्ये काढले होते. पाच गोल मारणाऱ्या कुरोकीला ऐंशी. मधल्या दोघांना पन्नास-पन्नास. आणि होशिनोला शून्य, कारण तो सीझनभर एक मिनिटसुद्धा खेळला नव्हता.

"शून्य कसं गं? रोज हजर तर होता!" नुपूर भांडली होती.

"हजेरीचे मार्क शाळेत मिळतात, मॅडम," मिताली म्हणाली. "तुला तो आवडतो, एवढंच सांग ना!"

तसं नव्हतं. म्हणजे, थोडंसं तसंही होतं. पण खरी गोष्ट अशी, की बाकावर बसून राहणं काय असतं ते नुपूरला ठाऊक होतं. पुण्याहून इथं जपानमध्ये, तोयोसुला आली तेव्हा तिला जपानी येत नव्हतं. पहिलं वर्ष तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. आता ती वर्गाची नाटकं बसवत होती, बाईंची नक्कल करत होती, आयाकाच्या आजीशी फोनवर गप्पा ठोकत होती. पण हे बाबांना कुठं माहीत? शुक्रवारी जेवताना त्यांनी सांगून टाकलं होतं: कंपनी प्रोजेक्ट वाढवतेय, मला थांबा म्हणतेय, पण मी सोमवारी नाही म्हणून सांगणार. मार्चमध्ये पुणे. पोरीचं आणखी नुकसान नको. नुकतीच इथं नोकरीला लागलेली आई खाली मान घालून आमटी वाढत राहिली. आणि एवढी बडबडी नुपूर! तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही.

आणि उद्याच सोमवार होता.

कोच ताकेमुरा हळूहळू हसायला लागले. तेव्हा कुठं हॉलनं श्वास सोडला.

"नावं घेऊन मार्क सांगणं बरं नव्हे," ते म्हणाले. "पण या मुलीनं एवढ्या लोकांत विचारलंय, तर सांगतो. कुरोकी. याला तुम्ही डोक्यावर घेऊन नाचता. माझ्याकडे हा काठावर पास. बॉल पायातून गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो, बस स्टॉपवर उभा असल्यासारखा."

कुरोकीनं स्कर्टसकट कमरेत वाकून माफी मागितली. हॉलमध्ये हशा पिकला.

"होशिनो. हा जूनपर्यंत नापास होता."

नुपूरनं माइक घट्ट धरला.

"गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं. पुढं उभे असलेल्यांची त्याच्याकडे पाठ असते. म्हणून त्यानं ओरडून सांगायचं असतं. पण हा अठरा वर्षांचा आणि आमचा कॅप्टन ओगावा तेहतीसचा. मग हा अदबीनं काय म्हणायचा? 'ओगावा-सान, माफ करा, आपण जरा डावीकडे सरकलात तर…' तोवर बॉल जाळ्यात!"

पहिल्या रांगेत बसलेला कॅप्टन ओगावा मान डोलावत होता.

"जूनमध्ये एकदा सरावात याचा बांध फुटला. 'ओगावा! डावीकडे! झोपलास का!' मैदानावर सन्नाटा, आत्ता या हॉलमध्ये झाला होता तसा. ओगावा डावीकडे पळाला. बॉल अडला. सराव संपल्यावर हा रडवेला होऊन माफी मागायला गेला, तर ओगावा म्हणाला, 'एवढा उशीर का केलास?' पुढच्या वर्षी हा खेळेलच असं मी सांगत नाही. पण त्या दिवशी हा पास झाला."

कुणीतरी माइक होशिनोच्या हातात दिला. तो लालबुंद झाला होता.

"मला अजून भीती वाटते," तो म्हणाला. "ओरडायच्या आधी वाटते, नंतरही पाय कापतात. पण न ओरडता गोल झाला ना, तर त्या रात्री झोपच येत नाही."

टाळ्या वाजल्या. नुपूर मात्र टाळ्या वाजवायचीही विसरली. कोन्बिनीबाहेर आनमान हातात आला तरी तिनं तो तोंडाला लावला नाही.

"हिला काय झालं?" आयाकानं जपानीत विचारलं.

नुपूरनं दोघींना शुक्रवारचं सगळं सांगितलं. मितालीच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"अगं, शेकडो लोकांसमोर बोललीस, आणि घरी दोन माणसांसमोर बोलता येत नाही?"

"घरी माइक नसतो ना," नुपूर म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आयाकानं स्वतःचा उरलेला अर्धा आनमान नुपूरच्या हातात कोंबला आणि तिला घराच्या दिशेनं ढकललं.

घरी बाबा जमिनीवर मांडी घालून पाण्याच्या बाटल्यांची लेबलं सोलत होते. उद्या प्लास्टिकचा कचरा द्यायचा होता. आई पोळ्या लाटत होती.

"आलीस? जिंकलं का कुणी?" बाबांनी विचारलं. त्यांना फुटबॉलमधलं एवढंच समजायचं.

"आज मॅच नव्हती. बाबा, मला बोलायचंय."

"जेवताना बोलू की."

"नाही. आत्ता. पुण्याला जायचं तुम्ही परस्पर ठरवलंत. मला कुणी विचारलं नाही."

आईचं लाटणं थांबलं. बाबांनी बाटली खाली ठेवली. ते रागावतील असं नुपूरला वाटलं होतं. त्यासाठी ती जय्यत तयार होती. पण ते रागावले नाहीत.

"तुझ्यासाठीच चाललोय गं," ते हळू म्हणाले. "पहिल्या वर्षी तू बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस. मी दाराबाहेर उभा असायचो. पुन्हा ते ऐकायची ताकद नाही माझ्यात."

याची मात्र तिनं तयारी केली नव्हती. तिला वाटायचं, पाण्याच्या आवाजात कुणाला काही कळत नाही.

"मग आत का नाही आलात?"

"येऊन काय सांगणार होतो? ऑफिसात माझीही तीच गत होती. मीटिंगमध्ये नुसती मान हलवायचो."

"आणि माझी भाजीच्या दुकानात," आई ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली. "मुळा समजून काय काय आणलंय मी घरात!"

तिघंही हसले. त्या हसण्यात "बरं बाबा, जाऊ पुण्याला" म्हणून टाकणं किती सोपं होतं! बाबांचा चेहरा इतका थकलेला, इतका मायेचा दिसत होता. नुपूर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"बाबा, आता नाही रडत मी. विचारा शाळेत. तुम्ही अजून पहिल्याच वर्षाची नुपूर धरून बसलाय." तिनं त्यांच्यापुढची बाटली बाजूला सारली. "मी फेब्रुवारीत इथल्या हायस्कूलची प्रवेशपरीक्षा देणार आहे. जपानीतून. नाही झाले पास तर पुण्याला जाऊ, मी हूं की चूं करणार नाही. पण उद्या ऑफिसात तुम्ही नाही म्हणायचं नाही. आणि आई, एवढी धडपडून मिळवलेली नोकरी तू सोडायची नाहीस. माझं ठरलंय."