तळ्याकडचा पत्ता

आम्ही इथे राहत नाही, असं आमचे हे मानतात. अकरा वर्षं झाली. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीसमोर टायरचं गोदाम. शेजारपाजारचे इथे राहतात. आम्ही फक्त थांबलो आहोत. म्हणूनच चांगली भांडी अजून खोक्यात आहेत. "जाताना पुन्हा कोण बांधत बसणार?" हे म्हणतात. मी दोन पातेल्यांवर आणि एका कढईवर संसार रेटला. तिसरं पातेलं विकत आणलं तेव्हा यांनी दोन दिवस तोंड फुगवलं होतं.

मंडळात मात्र यांनी सांगून ठेवलंय की आम्ही तळ्याकडे, बंगल्यांच्या भागात राहतो. आपल्याकडून इथे आलेल्या लोकांचं मंडळ, महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटतं. मी कधी गेले नाही. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुते आणि रविवारी माझी पाळी असते. यांना ते सोयीचंच पडतं. तळं इथून दिसत नाही, पण आमच्या कोपऱ्यावरून तिकडे बस जाते, एवढा संबंध आहे.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. मंडळात गरिबीचा विषय निघाला की यांना चेव येतो. "या वस्त्यांतल्या लोकांना सुधारायचंच नाही. काम नको, सगळं फुकट हवं. आपण नाही का वर आलो?" आम्ही दोघं एकाच गल्लीत वाढलो. नळ एक, घरं चाळीस, संडास दोन. एकदा मी तेवढी आठवण करून दिली, तर म्हणाले, "आपली गरिबी वेगळी. आपली गरिबी स्वच्छ होती." संडास धुवायची पाळी यांच्या घराची असायची तेव्हा हे कुठे पसार व्हायचे, ते मला माहीत आहे.

थंडीच्या तोंडावर मंडळाने ठरवलं, गरीब वस्तीत पांघरुणं वाटायची. माणशी एक. पालिकेकडून यादी आणली, तर पहिलं नाव आमच्याच इमारतीचं. यांनी सुचवून पाहिलं, याहून गरीब वस्ती शोधू. सचिव म्हणाले, याहून गरीब यादीत नाही. आणि इतकी वर्षं या विषयावर सर्वांत जास्त बोललेल्या माणसालाच बरोबर न्यायचं ठरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी जेवताना यांनी मला सांगितलं. "उद्या अकराला येऊ. तू कामावर असशीलच."

"अहो, उद्या मी रजा घेतलीय. पाठ धरलीय माझी."

यांचा घास हातातच राहिला. "मग दार उघडू नकोस. रेडिओ लावू नकोस. आणि फोडणी देऊ नकोस, आपले लोक वासावरून ओळखतात."

"बरं," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. चारचौघांत यांची शोभा व्हावी असं मला कधीच वाटलं नाही. माणूस वाईट नाही. माझी पाठ धरली की शेकायला हेच बसतात.

रविवारी मी दाराशी खुर्ची घेऊन गप्प बसले. जिन्यातलं सगळं ऐकू येत होतं. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने यांना बघितलं आणि ओरडला, "अरे, तू! आपली लिफ्ट कधी करतोयस?"

"लगेच सलगीवर येतात," हे सचिवांना म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपिणीने पांघरूण घेतलं आणि यांना विचारलं, बायकोची पाठ कशी आहे.

"ही तुम्हाला ओळखते?" सचिव म्हणाले.

"छे हो. यांना आपण सगळे सारखेच दिसतो."

मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. मग पावलं आमच्या मजल्यावर आली. समोरच्या दाराचं आटोपलं आणि आमच्या दारावर टकटक झाली.

"इथे कोणी राहत नाही," हे म्हणाले.

"नक्की? पायपुसणं दिसतंय."

"मला माहीत आहे ना. इथे कोणी राहत नाही."

पहिल्या वेळी मी मूग गिळून बसले. दुसऱ्या वेळी यांनी ते फार सहज म्हटलं. मला वाईट वाटलं. राग नंतर आला, आधी वाईटच वाटलं. आई गेल्याचा फोन मला याच खोलीत आला होता. हे तापाने फणफणले तेव्हा नऊ दिवस मी याच खोलीत उशाशी बसले होते. मी उठले आणि दार उघडलं.

सचिव चष्मेवाले, सभ्य गृहस्थ. हातात यादी. मागे पांघरुणांचा गठ्ठा, आणि त्यामागे हे, भिंतीवरचा विजेचा मीटर वाचत असलेले.

"अरे, आपल्याकडच्याच दिसता," सचिव म्हणाले. ओशाळले बिचारे. "माफ करा ताई, आम्हाला वाटलं रिकामं आहे. नाव सांगता? पूर्ण लागतं."

यांचं नाव मी तोंडाने घेत नाही. "हे" म्हटलं की भागतं, कचेरीत तर कागदच पुढे करते. पण पूर्ण नाव म्हणजे आधी माझं, मग यांचं, मग आडनाव. त्याला माझा इलाज नव्हता. मी सावकाश, स्पष्ट सांगितलं. सचिवांनी माझं नाव लिहिलं. यांचं लिहिलं. आडनावाच्या पहिल्या अक्षरावर पेन थांबलं.

त्यांनी यादीकडे बघितलं, मग यांच्याकडे. आता हे म्हणतील, एकाच नावाची माणसं असतात जगात. म्हणाले असते तर मी मान डोलावली असती. तेवढं मी यांच्यासाठी केलं असतं, आणि पुन्हा कधी यांच्याशी नीट बोलले नसते.

सचिवांनी आडनाव पुरं केलं. पुढचा रकाना होता म्हणून त्यांनी तोही विचारला, खाली बघूनच. "घरात माणसं किती?"

मी यांच्याकडे बघितलं. ते उत्तर मला द्यायचं नव्हतं.

यांची नजर मीटरवरच होती. वाचण्यासारखं त्यात एवढं काही नसतं.

"दोन," हे म्हणाले.

सचिवांनी गठ्ठ्यातून दोन पांघरुणं काढून यांच्या हातात दिली आणि यादी पुढे धरली. "इथे," ते हळूच म्हणाले. "घेणाऱ्याची सही."

यांनी पांघरुणं काखेत धरली आणि सही केली.